दहा राग, एक डिस्को ठेका

नेदरलँड्समधल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ नावाच्या एका छोट्या कंपनीने २०१० साली एक जुनी भारतीय तबकडी नव्याने बाजारात आणली, तेव्हा युरोपातल्या काही संगीतप्रेमींचा तिच्यावर विश्वासच बसेना. मूळ तबकडीचं साल होतं १९८२. पण ऐकू येत होतं ते अमेरिकेतल्या शिकागोत १९८७च्या सुमाराला पुढे आलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीतासारखं: एका मापात पडणारे ठोके, त्याखाली वळसे घेत सरपटणारा यंत्राचा खर्ज आणि त्यावर तरंगणारी सिंथेसायझरची सुरावट. पाच वर्षं आधी, तेही मुंबईत, असं काही झालं असेल हे पटणं कठीण होतं. कोणीतरी अलीकडे बनवलेलं संगीत जुनं म्हणून पुढे केलं असावं, अशी शंका निघाली. ‘एफेक्स ट्विन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संगीतकाराचं हे काम असावं, असाही तर्क लढवला गेला.

तबकडी अस्सल होती. तिचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती एचएमव्हीने काढली होती आणि वाजवणारे होते चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षं काम केलेले, पण सर्वसाधारण श्रोत्याला नावाने फारसे माहीत नसलेले मुंबईचे एक वादक.

एक कल्पना सुचणं, ती लगेच हातात घेऊन तडीस नेणं, ती कोणाच्या कानावर न पडणं आणि वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी ती शोधून काढणं, हे सगळं या एका तबकडीच्या वाट्याला आलं. नवं संगीत कसं जन्मतं आणि ते आपल्यापर्यंत कसं पोचतं, किंवा पोचत नाही, हे समजून घ्यायचं असेल तर तिच्याइतकं बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल.

पडद्यामागचा वादक

चरणजित सिंग यांचा जन्म १९४०चा. गिटार, बास गिटार, व्हायोलिन, पुढे इलेक्ट्रॉनिक कळवाद्यं, असं बरंच काही ते वाजवत. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी साथ केली. चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवून त्यांच्या तबकड्या काढण्याची त्या काळात पद्धत होती. तशा तबकड्याही त्यांच्या नावावर आहेत.

मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत त्या वेळी शेकडो वादक राबत होते. गोव्याहून आलेले व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे कॅथलिक कलावंत, पारशी घराण्यांतले तालवादक आणि अ‍ॅकॉर्डियनवादक, पंजाब-बंगालहून आलेले गिटारवादक. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करत. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. पण बहुतेक तबकड्यांच्या आवरणांवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावं छापली जात. वादकाला सेशनचे पैसे मिळत, नाव मिळत नसे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं, तोवर त्यांतल्या कित्येकांचं काम रसिकांना पाठ होतं आणि नाव मात्र ठाऊक नव्हतं.

अशा वादकाचं कौशल्य मोठं असतं, पण ते दुसऱ्याच्या कल्पनेसाठी वापरलं जातं. चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये ते स्वतःच्या कल्पनेसाठी वापरलं.

डिस्कोची लाट आणि एक वेगळा विचार

तो काळ डिस्कोचा होता. १९८० साली ‘कुर्बानी’ हा चित्रपट आला आणि बिद्दू यांनी बांधलेलं, नाझिया हसनने गायलेलं ‘आप जैसा कोई’ घरोघरी पोचलं. पुढच्याच वर्षी या दोघांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. १९८२च्या डिसेंबरात बप्पी लाहिरींच्या संगीताने ‘डिस्को डान्सर’ गाजला. लग्नाच्या वरातीपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत तोच ठेका घुमू लागला.

स्टुडिओत रोज डिस्को वाजवणाऱ्या सिंग यांच्या मनात आलं, की याच ठेक्यावर काहीतरी निराळं का करू नये? त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे, की कल्पना अगदी सरळ होती: तबला काढून टाकायचा, त्या जागी डिस्कोचा ठेका ठेवायचा आणि त्यावर आपले राग वाजवायचे. घरी यंत्रांवर सराव करताना हे मिश्रण त्यांना चांगलं वाटलं आणि मग ते रेकॉर्ड करायचं त्यांनी ठरवलं.

असे विचार वादकांच्या मनात नेहमी येत असणार. सिंग यांचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी विचार डोक्यात ठेवला नाही. कोणी संगीतकार आपल्याला बोलावून हे करायला सांगेल याची वाट पाहिली नाही. यंत्रं स्वतःची होती, राग येत होते, एचएमव्हीत ओळख होती. एवढ्या भांडवलावर त्यांनी एकट्याने दहा राग वाजवले.

तीन यंत्रं

ही यंत्रं जपानच्या रोलँड कंपनीची होती आणि सिंग यांनी ती परदेशातून, सिंगापूरहून आणली होती. त्यांचं काम कसं चालतं हे कळलं, की तबकडीचं नवेपणही कळतं.

पहिलं टीआर-८०८. हे १९८०चं तालयंत्र. त्यात खऱ्या ढोलाचे आवाज साठवलेले नव्हते. विजेच्या मंडलांतून ते तयार केले जात. त्यामुळे त्याचा ढोल ढोलासारखा वाजत नसे. तो खोल, गोलसर आणि अंगावर येणारा असा वेगळाच आवाज होता. चार मात्रांचे तुकडे पाडून सोळा बटणांवर ठेका बसवायचा आणि यंत्र सुरू करायचं, की ते न थकता, लय न सोडता वाजत राहतं.

दुसरं टीबी-३०३. हे १९८१चं. बास गिटारवाला हाताशी नसेल तर एकट्या गिटारवादकाला सराव करता यावा, म्हणून ते बनवलं होतं. त्यात स्वर एका फेरीत आणि त्यांची लय दुसऱ्या फेरीत भरावी लागे. ते किचकट होतं. शिवाय त्याचा आवाज बास गिटारसारखा येत नसे. ग्राहकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १९८४मध्ये कंपनीने ते बंद केलं. मात्र त्यात एक सोय होती: एका स्वरावरून पुढच्या स्वरावर न तुटता घसरत जाण्याची.

तिसरं ज्युपिटर-८, एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा भारी सिंथेसायझर. मुख्य सुरावट यावर.

ही यंत्रं एकमेकांना जोडून एकाच लयीत चालवता येत. तालयंत्र ठेका देई, ३०३ खर्जात ठरलेली स्वरमाला फिरवत राही आणि वादकाचे दोन्ही हात ज्युपिटरवर राग मांडायला मोकळे राहत. एक माणूस, तीन यंत्रं, आणि स्टुडिओतल्या भरगच्च वाद्यवृंदाची गरज नाही. ज्या उद्योगात एका गाण्यासाठी पन्नास-पन्नास व्हायोलिनवादक बसत, त्यातल्याच एका वादकाने हे करणं ही मोठी उडी होती.

राग यंत्रात कसा मावला

डिस्कोचं मूळ पाश्चात्त्य. तिथे गाण्याचा डोलारा कॉर्डवर उभा असतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा तीन-चार स्वरांचा मेळ. हे मेळ ठरावीक क्रमाने बदलतात आणि त्या बदलांतून गाणं पुढे सरकल्याचं जाणवतं. रागसंगीतात असे बदलते मेळ नसतात. तानपुऱ्यावर षड्ज अखंड चालू असतो आणि रागातला प्रत्येक स्वर त्या एका स्थिर स्वराशी नातं सांगतो. ललतमध्ये पंचमच नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी येतात. मालकंसात रिषभ नाही, पंचमही नाही. भूप पाच स्वरांतच आपलं सगळं बोलतो. हे राग पाश्चात्त्य कॉर्डच्या चौकटीत बसवायला गेलं, की त्यांचा चेहरा हरवण्याची भीती असते.

सिंग यांनी कॉर्डची ती साखळीच वापरली नाही. ३०३ यंत्र रागाच्या स्वरांची एक छोटी माला फिरवत राहतं आणि षड्जाभोवतीच घुटमळतं; ते इथे जवळजवळ तानपुऱ्याची जागा घेतं. यंत्राची घसरण्याची सोय मिंडीच्या कामी येते. खऱ्या मिंडीतला बारीक, भावाने भरलेला प्रवास त्यात येत नाही हे खरं, पण दोन स्वरांमधली जागा रिकामी राहत नाही. भारतीय कानाला ती जागा फार महत्त्वाची वाटते.

शिकागोच्या संगीताशी दिसणाऱ्या साम्याचं कारण इथेच आहे. अ‍ॅसिड हाउसमध्येही कॉर्ड फारसे बदलत नाहीत. एकच खर्जाची माला मिनिटानुमिनिटं फिरत राहते, त्याखाली चार समान ठोके पडतात आणि फरक पडतो तो आवाजाच्या पोतात. दोन वेगळ्या गावांच्या, वेगळ्या गरजा असलेल्या लोकांच्या हाती एकच यंत्र आलं. दोघांनीही बदलत्या कॉर्डशिवाय संगीत उभं केलं आणि दोन्ही संगीतं एकमेकांसारखी ऐकू आली.

दहा रागांची निवडही विचार करायला लावणारी आहे. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. पहाटेचे, दुपारचे, संध्याकाळचे, रात्रीचे आणि पावसाळ्याचे राग यांत आहेत. कलावतीची वाट कर्नाटक संगीतातून आलेली, तर बैरागी लोकप्रिय होण्यात पंडित रविशंकर यांचा मोठा वाटा. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा.

पाच मिनिटांत राग? हा आक्षेप कोणीही जाणकार घेईल. पण यंत्राने रागाला मर्यादा घालण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. १९०२मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात कसा बसवायचा, हे गायक-गायिकांनी शिकून घेतलं, आणि त्याच तबकड्यांनी राजदरबाराबाहेरच्या सामान्य माणसाला रागसंगीत ऐकवलं. मराठी रंगभूमीनेही रागाला पेटी दिली, ऑर्गन दिला. बालगंधर्वांच्या नाट्यपदांमागचा ऑर्गन आज परंपरेचा भाग वाटतो. एके काळी तो परदेशातून आलेलं नवं यंत्रच होता. रागाने दर वेळी नवं वाद्य तपासून घेतलं आहे आणि काही वाद्यांना आपलंसं केलं आहे.

तबकडी आली, आणि विसरली गेली

१९८२मध्ये तबकडी बाजारात आली. ती चालली नाही.

कारणं समजण्यासारखी आहेत. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ‘डिस्को’ हा शब्दच नकोसा होता. डिस्कोवर नाचणाऱ्याला गायिका हवी होती, शब्द हवे होते, पडद्यावरचा नायक हवा होता. ललत आणि तोडी त्याला नको होते. दुकानदाराला ती कोणत्या कप्प्यात ठेवावी ते कळलं नसेल. पहिलाच राग भैरवी, आणि त्याच्या सुरुवातीला यंत्राने बदललेल्या मानवी आवाजात ‘ॐ नमः शिवाय’. हे भक्तिसंगीत आहे, नृत्यसंगीत आहे की शास्त्रीय, असा प्रश्न श्रोत्याला पडलाच असणार. नवीन संगीताची ही नेहमीची अडचण आहे. त्याच्यासाठी बाजारात कप्पाच तयार नसतो.

सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. त्यांनी या वाटेवरची दुसरी तबकडी काढली नाही.

शिकागोतली तीन मुलं

तिकडे शिकागोत, पुढच्या काही वर्षांत, रोलँडची ती न खपलेली ३०३ यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली होती. ‘फ्यूचर’ नाव घेतलेल्या गटातल्या तीन मुलांच्या, म्हणजे डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे यांच्या, हाती असंच एक यंत्र लागलं. त्यात स्वर नीट कसे भरायचे हे त्यांना उमगलं नव्हतं. मग यंत्रातून जी विस्कळीत स्वरमाला निघत होती, तीच चालू ठेवून त्यांनी वरच्या खुंट्या फिरवायला सुरुवात केली. या खुंट्यांनी आवाजातले वरचे, तीक्ष्ण अंश कमी-जास्त करता येतात. त्या वाजत असताना फिरवल्या, की साधा खर्ज किंचाळतो, कुरकुरतो, पाण्यात बुडाल्यासारखा होतो. यंत्र बनवणाऱ्यांनी या उपयोगाची कल्पनाही केली नव्हती.

त्या प्रयोगाची कॅसेट त्यांनी रॉन हार्डी या डीजेला दिली. हार्डी ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवत. गटातल्यांनी सांगितलेली हकिकत अशी: पहिल्यांदा ती वाजली तेव्हा नाचणारे मैदान सोडून गेले. हार्डी यांनी त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक बेभान होऊन नाचले. १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ नावाने ती तबकडी निघाली आणि वर्षभरात तिचा नाद इंग्लंडभर पसरला.

मुंबईच्या तबकडीची या मुलांना काहीच माहिती नव्हती. त्यामुळे चरणजित सिंग यांना ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ म्हणणं चुकीचं आहे, जरी २०१०नंतर काही ठिकाणी तसं लिहिलं गेलं. एकातून दुसरं निघालेलं नाही. सिंग यांनी ३०३च्या खुंट्या शिकागोसारख्या बेफाम फिरवल्याही नाहीत. त्यांना राग मांडायचा होता. ‘पहिलं कोण’ या शर्यतीत त्यांना उभं केलं, की त्यांच्या कामातली खरी गोष्ट झाकली जाते. त्यांनी आपल्या परंपरेतून, आपल्या कारणासाठी, स्वतःचं असं एक उत्तर काढलं होतं.

दोन्ही हकिकतींत मात्र एक मोठा फरक आहे आणि तो श्रोत्यांच्या बाजूचा आहे. शिकागोत एक रॉन हार्डी होता. त्याच्याकडे क्लब होता, नेमाने येणारी माणसं होती आणि ती निघून गेली तरी तेच संगीत पुन्हा लावण्याची हिंमत होती. मुंबईच्या तबकडीला तसा कोणी मिळाला नाही.

दिल्लीतलं दुकान

तिला मिळाला तो वीस वर्षांनी. एडो बाउमन हे डच संग्राहक जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या शोधात भारतात येत. २००२ साली दिल्लीतल्या एका दुकानात त्यांच्या हाताला ही तबकडी लागली. सोबतच्या छोट्या यंत्रावर ती ऐकल्यावर ते थक्क झाले. पुढे त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांचा ठावठिकाणा काढला, त्यांची भेट घेतली आणि २०१०मध्ये ती तबकडी आपल्या कंपनीतर्फे पुन्हा काढली.

त्यानंतर सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या वादकाला युरोपातून बोलावणी आली. तिथल्या मंचांवर त्यांनी हेच राग वाजवले आणि समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं नाचली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आपलं काम कोणीतरी ऐकलं, त्याला दाद दिली, हे त्यांना हयातीत पाहायला मिळालं, याचं समाधान वाटतं. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

असाच दुसरा शोध अहमदाबादेत लागला. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला होता. या घडामोडीमागे गीता साराभाई यांची मोठी प्रेरणा होती. पखवाज शिकलेल्या या संगीतज्ञ बाईंनी १९४६मध्ये न्यूयॉर्कला जाऊन संगीतकार जॉन केज यांच्याशी विद्येची देवाणघेवाण केली होती. केज त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवत आणि त्या केज यांना भारतीय संगीताचा विचार समजावून सांगत. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी केलेल्या रचनांच्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या सापडल्या. त्यांनी त्यांची निगा राखून त्या डिजिटल केल्या आणि २०२३मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. म्हणजे चरणजित सिंग यांच्या दहा-बारा वर्षं आधीच भारतात यंत्रांवर संगीतरचना चालू होती आणि पन्नास वर्षं ती जवळजवळ कोणी ऐकलीच नव्हती.

नव्याची गोडी कशी लागते

म्युझिक बॉक्समधली ती चौथी खेप हा योगायोग नव्हता. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवून दिलं, की एखादी अनोळखी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी माणसाला ती आवडू लागते. संगीतात हे फार स्पष्ट दिसतं. पहिल्या ऐकण्यात कान पुढचा स्वर कोणता येईल याचा अंदाज बांधू पाहतो आणि तो चुकत राहिला, की वैतागतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी अंदाज जुळू लागतात आणि गोडी लागते. याला दुसरी बाजूही आहे. तेच तेच फार झालं की कंटाळा येतो. म्हणून पूर्ण ओळखीचं आणि पूर्ण अनोळखी यांच्या मधलं संगीत आपल्याला सहज भावतं.

मोबाइलवरची संगीत-अ‍ॅप्स याच मधल्या पट्ट्यावर चालतात. त्यांतली एक मुख्य रीत सोपी आहे. तुम्हाला आवडणारी शंभर गाणी ज्यांना आवडतात, अशी इतर माणसं यंत्रणा शोधते आणि त्यांनी ऐकलेली पण तुम्ही न ऐकलेली गाणी तुमच्यापुढे ठेवते. यातून लाखो लोकांना चांगलं संगीत मिळालं आहे. पण या रीतीला एक मोठी अडचण आहे. जे गाणं अजून कोणीच ऐकलेलं नाही, त्याची शिफारस ती करू शकत नाही, कारण त्याच्याबद्दल तिच्याकडे काही नोंदच नसते. दिल्लीच्या दुकानातली तबकडी अशा यंत्रणेने कधीच पुढे केली नसती. त्यासाठी तिथे जाऊन, धूळ झटकून, आवरण वाचून, विकत घेऊन ऐकणारा माणूसच लागला.

महाराष्ट्रात अशी माणसं आहेत. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांच्या श्रवणसभा घेतल्या, संग्राहकांना एकत्र आणलं आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांची, कलावंतांची माहिती नोंदवून ठेवली. नाट्यपदं, लावण्या, पोवाडे, कीर्तनं, विनोदी संवाद असं कितीतरी मराठी साहित्य केवळ अशा संग्राहकांच्या कपाटांमुळे टिकलं आहे. त्यांचं काम गायक-वादकांच्या कामाइतकंच मोलाचं मानायला हवं.

हे काम घराघरांतही व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं. लाखेच्या जुन्या तबकड्या हातातून निसटल्या तर फुटतात. चुंबकीय टेपांवरचा थर काही वर्षांनी चिकट होतो आणि चुकीच्या पद्धतीने वाजवली तर टेप कायमची खराब होते. गावातल्या भजनी मंडळाची, आजीच्या ओव्यांची, एखाद्या वादक काकांच्या रियाझाची कॅसेट घरात असेल, तर ती आधी जाणकाराला दाखवावी, डिजिटल करून घ्यावी आणि सोबत कोण गातंय, कोण वाजवतंय, कोणतं गाव, कोणतं साल, हे लिहून ठेवावं. मुंबईच्या स्टुडिओंतल्या शेकडो वादकांच्या बाबतीत हे एवढंच झालं असतं, तर आज त्यांची नावं शोधत बसावं लागलं नसतं.

आणि चरणजित सिंग यांची तबकडी ऐकायची असेल, तर ती आता सहज मिळते. सुरुवात भूपाळीने करावी. पाचच स्वर असल्याने ओळख लवकर पटते. मग यमन, आणि कान सरावला की ललत. पहिल्या ऐकण्यात ठेका फार पुढे येतो. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे दुर्लक्ष करून खर्जात फिरणारी स्वरमाला ऐकावी. तिथेच सिंग यांनी राग कसा उभा केला ते कळतं. तिसऱ्या वेळी वरच्या सुरावटीकडे लक्ष द्यावं आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर यंत्र घसरत कसं जातं ते टिपावं. ललत ऐकल्यावर त्याच रागाचा एखादा विलंबित ख्याल लगेच ऐकला, तर यंत्राने काय गमावलं आणि काय नवं दिलं, हे दोन्ही स्पष्ट होतं.